दोन रकाने कोरेच

(वाचक विचारतात: या वेळी बेसबॉल)

मागच्या अंकात 2020 च्या, म्हणजे कोरोनाच्या साथीतल्या बेसबॉल सीझनचा ओझरता उल्लेख केला, आणि एवढी पत्रं आली की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याच गळ्यात टाकला. मी काही या खेळातला पंडित नाही. एकतीस वर्षं सेंट लुईसला राहतोय. रेडिओ लावून, मांडीवर स्कोअरबुक ठेवून पेन्सिलीने सामना लिहून काढायचा, एवढाच माझा नाद. उत्तरं त्याच बेताने घ्यावीत.

नातू म्हणतो, डॉजर्सचं 2020 चं विजेतेपद म्हणजे पाव सीझनची चॅम्पियनशिप, 162 ऐवजी 60 सामन्यांची. मी लॉस एंजेलिसला लेकाकडे असते, त्यामुळे मी डॉजर्सचीच. त्याला काय सांगू?
— एक आजी

आजी, नातवाला आधी गणिताला बसवा. 162 पैकी 60 म्हणजे सदतीस टक्के होतात, पाव नव्हे. खेळाडूंना पगारही त्याच हिशेबाने मिळाला.

मी आमच्या सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचा असल्यामुळे डॉजर्सची वकिली करताना पोटात दुखतं, पण खरं ते सांगतो. साठ सामन्यांत ते 43 जिंकले, 17 हरले. एवढं चांगलं कोणालाच जमलं नाही. त्या वर्षी प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांना, दहाऐवजी सोळा संघ घेतले होते, म्हणजे एक फेरी जास्त. एरवी आपला गट, म्हणजे डिव्हिजन, जिंकणाऱ्याला पुढे अकरा सामने जिंकले की करंडक मिळायचा, इथे तेरा लागले. अटलांटाविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत ते 3-1 ने मागे होते, तिथून सलग तीन जिंकून वर आले. वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, स्वतःच्या घरीही नाही, टेक्सासमध्ये आर्लिंग्टनला झाली आणि टँपा बेच्या रेज संघाला त्यांनी 4-2 ने हरवलं. छोटा सीझन म्हणून कोणाला काही फुकट मिळालं नाही. उलट एप्रिलमध्ये झोपा काढून ऑगस्टमध्ये जागं व्हायची सोय त्या वर्षी नव्हती.

नातवाला चिमटा काढायचाच असेल तर त्याने जस्टिन टर्नरचं नाव काढावं. शेवटच्या सामन्यात आठव्या इनिंगला त्याला मैदानातून बाहेर काढलं, कारण त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. तरी जिंकल्यावर तो परत मैदानावर आला आणि मास्क खाली ओढून ग्रूप फोटोला बसला, तोही मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्सच्या शेजारी, जो स्वतः कॅन्सरमधून उठलेला माणूस. लीगने पुढे त्याला शिक्षा केली नाही. बत्तीस वर्षांनी मिळालेला करंडक, माणसाचा पाय निघत नसणार, हे मला कळतं. पण मला ते आवडलं नाही, आणि अजूनही आवडत नाही.

राहता राहिली मिरवणूक. 2020 ला ती निघालीच नाही. डॉजर्सनी 2024 ला परत जिंकल्यावर 1 नोव्हेंबरला काढली, तेव्हा शहराने दोन्ही वर्षांचं एकदमच वसूल केलं.

रिकाम्या स्टँडमध्ये पुठ्ठ्याची माणसं बसवली होती. त्यासाठी लोकांनी खरोखर पैसे मोजले?
— पुण्याचे एक वाचक

मोजले तर! डॉजर्सकडे जागेप्रमाणे 149 आणि 299 डॉलर असा भाव होता आणि पैसे त्यांच्या धर्मादाय फाउंडेशनला जात. ओकलंडला सिनेनट टॉम हँक्सचा पुठ्ठा होता. पोरवयात त्याने त्याच मैदानात फेरीवाल्याचं काम केलेलं, म्हणून त्याच्या आवाजातली 'हॉट डॉग' ची आरोळीही लाउडस्पीकरवरून द्यायचे. न्यूयॉर्कला मेट्सच्या जेफ मॅक्नीलने आपल्या विलो नावाच्या कुत्रीचा पुठ्ठा बसवला होता. सीझनच्या पहिल्याच आठवड्यात अटलांटाच्या ॲडम डुव्हॉलची होम रन थेट त्या कुत्रीवर जाऊन आदळली. चाळीस हजार रिकाम्या खुर्च्या सोडून बॉलने नेमकी कुत्री शोधली.

मला पुठ्ठ्यांचं काही वाटलं नाही, आवाजाचं वाटलं. प्रेक्षकांचा गलका 'एमएलबी द शो' या व्हिडिओ गेममधून घेतलेला होता आणि स्टेडियममध्ये बसून कोणीतरी बटण दाबून तो सोडायचं. खऱ्या प्रेक्षकाचा हुंकार बॉल बॅटला लागायच्या आधी, बॉल हातातून सुटताच सुरू होतो. हा बॅटच्या 'टक्' नंतर यायचा, अर्धा श्वास उशिरा. मी आवाज बंद करून रेडिओ लावला. तिथेही तोच! मग मुकाट्याने लिहीत बसलो. सौभाग्यवती म्हणाल्या, इतकी वर्षं मी टीव्हीचा आवाज कमी करा म्हणून सांगतेय, त्याला कोरोनाची साथ यावी लागली.

एवढाले डॉलर घेणारे खेळाडू ऐन वेळी "यंदा खेळणार नाही" म्हणाले. हा पळपुटेपणा नाही का?
— निवृत्त पोलीस अधिकारी

साहेब, रागावू नका, पण नाही. ज्याच्या स्वतःच्या प्रकृतीला जास्त धोका नव्हता त्याने नकार दिला की पगार बंद, असा नियम होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या बस्टर पोझीने त्याच जुलैत दिवस भरण्याआधी जन्मलेल्या जुळ्या मुली दत्तक घेतल्या होत्या. त्यांच्यासाठी त्याने सुमारे 80 लाख डॉलरवर पाणी सोडलं. वॉशिंग्टनचा रायन झिमरमन आदल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकलेला. त्याच्या आईला मल्टिपल स्क्लेरोसिस, तो घरी थांबला. आणि भीती काही हवेतली नव्हती. अटलांटाच्या फ्रेडी फ्रीमनला जुलैत 104.5 ताप चढला, तेव्हा तो देवाची करुणा भाकत पडून होता. तो बरा झाला आणि त्याच सीझनचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोस्टनच्या एदुआर्दो रॉड्रिगेझच्या मात्र हृदयाला सूज आली. आदल्या वर्षी 19 सामने जिंकलेला हा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, 2020 मध्ये एक बॉल टाकू शकला नाही.

पण तुमच्या पत्रातले 'एवढाले डॉलर' ज्यांनी कधी पाहिलेच नाहीत, त्यांच्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो. मोठ्या संघांच्या हाताखाली मायनर लीग असते. गावोगावचे छोटे संघ, त्यात विशी-बाविशीची पोरं, बसचा रात्रभर प्रवास, कोणाच्या तरी घरी पाहुणा म्हणून मुक्काम. 30 जून 2020 ला मायनर लीगचा अख्खा सीझन रद्द झाला. या पोरांना आठवड्याला 400 डॉलर भत्ता मिळत होता, आणि तोही मेअखेर शेकडो जणांना नारळ मिळाल्यावर जे उरले त्यांना. डेव्हिड प्राइस नुकताच डॉजर्समध्ये आलेला, त्यांच्याकडून एकही सामना खेळलेला नव्हता. त्याने त्यांच्या मायनरमधल्या पोरांना खिशातून प्रत्येकी हजार डॉलर दिले. पुढे महिन्याभरात त्याने स्वतःच त्या सीझनला नकार दिला. आता त्याला पळपुटा म्हणायचं का, तुम्हीच ठरवा.

नव्या मुलांची निवड, म्हणजे ड्राफ्ट, तोवर चाळीस फेऱ्यांचा असायचा. त्या वर्षी पाचच फेऱ्या झाल्या. त्यानंतरच्या पोराला साइन करायचं तर जास्तीत जास्त 20 हजार डॉलर. आणि 2021 उजाडलं तेव्हा मोठ्या संघांशी जोडलेले मायनर संघ 160 वरून 120 वर आले होते. ती छाटणी साथीआधीच घाटत होती, साथीने ती सोपी करून दिली.

माझ्या मुलाच्या ओळखीचा एक पिचर त्या उन्हाळ्यात आमच्याच भागात होता. दिवसा लोकांच्या घरी किराणा पोचवायचा. संध्याकाळी गॅरेजच्या भिंतीला जुनी गादी उभी करून तिच्यावर चाळीस बॉल टाकायचा. गादीवर खडूने चौकोन आखलेला. दर दहा बॉलांनी बॉल गोळा करून परत मागे जायचा, कारण पकडायला समोर कोणी नाही. सप्टेंबरात चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात गादी फाटली आणि कापूस बाहेर आला. "बघा, माझा स्लायडर (ऐन वेळी वळणारा बॉल) कुठे पडतो ते," असं तो कौतुकाने म्हणाला. पुढच्या वसंतात त्याला बोलावणं आलं नाही.

अमेरिकेचे साथरोगतज्ज्ञ डॉ. फाउचींनी सीझनचा पहिला मानाचा बॉल टाकला तो कुठे गेला?
— एक खट्याळ वाचक

23 जुलैला, वॉशिंग्टनमध्ये, कॅचर सोडून भलतीकडेच. त्या क्षणाचं, खेळाडूंची चित्रकार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीचं कार्ड पन्नास हजारांवर खपलं. नेम धरून टाकला असता तर इतकं खपलं नसतं.

एप्रिल 2020 ची तिकिटं घेतली होती, पैसे बुडाले. तुमचे?
— समदुःखी

माझेही तेच. सुरुवातीला सामने 'रद्द' नव्हते, 'पुढे ढकललेले' होते, म्हणून कोणी परत द्यायचं नाव घेईना. एप्रिलअखेर लीगने संघांना आपापलं धोरण ठरवायची मुभा दिली. पण मी तिकिटं घेतली होती पुनर्विक्री करणाऱ्या एका साइटवरून. त्यांनी रोख न देता 'पुढच्या खरेदीत वळते करू' असं कळवलं. चार ईमेल, दोन फोन. फोनवर पाऊण तास तीच धून. शेवटी वळतेच घेतले.

आजोबांनी मला स्कोअरबुक भरायला शिकवलं. पण दहाव्या इनिंगला दुसऱ्या बेसवर जो रनर आधीपासूनच उभा असतो, तो कसा लिहायचा? आजोबा म्हणतात, असलं काही लिहायचंच नाही.
— नववीतला विद्यार्थी, न्यू जर्सी

आजोबांना माझा नमस्कार सांग. त्यांचं दुःख मला कळतं, पण तो नियम 2020 ला आला आणि 2023 पासून रेग्युलर सीझनसाठी कायमचा झाला. तेव्हा शिकून घे.

नऊ इनिंगनंतर बरोबरी असली की जादा इनिंग होते; त्या इनिंगला जो पहिला बॅटिंगला येणार, त्याच्या लगेच आधी क्रमात जो असतो तो दुसऱ्या बेसवर उभा राहतो. त्याच्या नावासमोरच्या चौकटीत पहिल्या बेसकडे जाणारी रेघ काढायची नाही, कारण तो तिथून गेलेलाच नाही. दुसऱ्या बेसच्या कोपऱ्यात ठिपका दे आणि तिथूनच रेघ सुरू कर. त्याची रन झाली तर ती धावफलकावर धरायची, पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या अर्न्ड रनमध्ये नाही. बिचारा पिचर सामना मात्र तिच्यामुळे हरू शकतो. ठिपक्याशेजारी मी 'आ' लिहितो. आ म्हणजे आयता.

त्या वर्षी पुस्तकात आणखी एक भानगड झाली. डबलहेडरचे, म्हणजे एकाच दिवशी लागोपाठ होणारे दोन सामने नऊऐवजी सात-सात इनिंगचे केले. आमच्या कार्डिनल्सना त्याचा सगळ्यात जास्त फटका. 29 जुलैला मिनियापोलिसला खेळले, मग मिलवॉकीच्या हॉटेलात अडकले. यादिएर मोलिनासकट दहा खेळाडू पॉझिटिव्ह. 15 ऑगस्टपर्यंत सामना नाही. सेंट लुईसहून शिकागोला जायला एका बसमध्ये बसायची सोय नव्हती, म्हणून 41 भाड्याच्या गाड्या काढल्या आणि जो तो वेगवेगळा साडेचारशे-पाचशे किलोमीटर गेला. पुढे 44 दिवसांत 53 सामने, आणि तरी प्लेऑफला पोचले. शिकागोच्या त्या पहिल्या दिवशी व्हाइट सॉक्सविरुद्ध दोन्ही सामने जिंकले, पहिला ॲडम वेनराइटने सुरू केला. माझ्या पुस्तकात त्या दिवसाची चारही पानं सारखी दिसतात, आठवा आणि नववा रकाना कोरा. आधी मी तिथे आडवी रेघ मारून टाकली होती, मग रबराने खोडली. खेळलेच नाहीत तर रेघ तरी कशाची मारायची?

30 ऑगस्टला वेनराइटला 39 पूर्ण झाली. त्या दिवशी त्याने आमच्या घरच्या मैदानावर क्लीव्हलंडविरुद्ध सगळ्या नऊ इनिंग एकट्याने टाकल्या. क्लीव्हलंडच्या पानावर नवव्या रकान्यातही लिहायला मिळालं. त्या पानाची झेरॉक्स पाठवतोय. आजोबांना दाखव, आणि आयत्या रनरसाठी त्यांनी 'आ' पेक्षा चांगली खूण काढली तर मला कळव.