पुण्यात एवढे गाण्याचे शौकीन, मग मोठी माणसं स्वतः गायला का बसत नाहीत?

तुम्ही विचारलंय की चाळिशी-पन्नाशीतली माणसं मैफलींना आवर्जून जातात, पण स्वतः गायला-वाजवायला कचरतात, असं का. मी कोथरूडच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवतो. नव्याने येणाऱ्यांना जवळून बघतो, त्यावरून सांगतो.

शिकायला जागा नाही असं तर मुळीच नाही. भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज १९११ पासून आहे, विनायकबुवा पटवर्धनांचं गांधर्व महाविद्यालय १९३२ पासून. वेळ नाही असं सगळेच म्हणतात, ते थोडंफार खरंही आहे. पण जास्त आडवा येतो तो तयार कान. वर्षानुवर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला बसलेल्या माणसाला पहिला सा लावताच आपला आवाज किती हलतोय ते लगेच कळतं, आणि तो गप्प होतो. लहान पोरांना त्याचं काही वाटत नाही, ती खुशाल गातात.

दुसरी अडचण पट्टीची, म्हणजे सा किती उंचीवर धरायचा त्याची, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. क्लासात बहुतेक मुलंच, त्यामुळे पेटी पांढरी पाच नाहीतर काळी चारला, म्हणजे त्या पांढऱ्या किंवा काळ्या सुराला सा धरून, उंच पट्टीत. पुरुषाचा गळा बहुधा त्याहून खालच्या काळी एकच्या आसपास मोकळा होतो. तो बिचारा त्या वरच्या पट्टीत ताणतो, पंचमाच्या पुढे आवाज फाटतो आणि ‘आपल्याला गळाच नाही’ असं ठरवून मोकळा होतो. आमच्याकडे बँकेतून निवृत्त झालेले एक काका असेच आले. मान वर, गळ्याच्या शिरा ताठ. त्यांना काळी एक धरून दिली, तर वरच्या सा पर्यंत आवाज सरळ गेला. ते हरिपाठाला आता पुढच्या रांगेत बसतात.

बायकांना आणखी एक जाच असतो: घरात रियाझ करायचा तर सगळ्यांच्या कानांची परवानगी लागते. याचा मला खरोखर राग येतो.

गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशाच्या सरावाला नोकरदार माणसं बिनधास्त येतात, ते बघा. तिथे एकट्याची चूक सगळ्यांच्या आवाजात खपून जाते. म्हणून मी सांगेन, सुरुवात समूहात करा; जवळचं भजनी मंडळ उत्तम. क्लास लावलात तर पहिल्याच दिवशी गुरुजींना ‘माझी पट्टी काढून द्या’ म्हणा. तीच पट्टी फोनवरच्या तानपुऱ्यात लावा आणि महिनाभर नुसता सा लावत बसा. गाण्याच्या परीक्षांचं नंतर बघता येईल.