पाच प्रती म्हणजे पाच साक्षीदार नव्हेत

चि.स अनेक आशीर्वाद.

निपाणीहून पाठवलेले तुझे टिपण वाचले. युक्रेनमधील स्फोटाविषयी एआयकडून सारांश करून घेऊन ‘पाच स्रोतांचा दुजोरा’ असे तू लिहिलेस. ते दुवे उघडले तेव्हा एकाच टेलिग्राम चॅनेलवरील व्हिडिओच्या त्या पाच प्रती निघाल्या. कितीही जणांनी पुढे पाठवला, तरी तो साक्षीदार एकच. सारांश करणारे यंत्र मजकूर कुठून उगम पावला हे आपणहून शोधत नाही, म्हणून वारंवार आलेली गोष्ट ते ठाम वाक्यात मांडून मोकळे होते.

१७ जुलै २०१४ रोजी पूर्व युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचे एमएच१७ हे प्रवासी विमान पाडले गेले आणि २९८ माणसे मेली. ते पाडणाऱ्या ‘बुक’ या विमानवेधी क्षेपणास्त्राच्या वाहनाचा माग बेलिंगकॅट या खुल्या स्रोतांवरून शोध घेणाऱ्या गटाने रशियन सैन्याच्या कुर्स्क येथील ५३व्या ब्रिगेडपर्यंत नेला, तो वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या गावांतून टिपलेल्या छायाचित्रांच्या आणि व्हिडिओंच्या आधारे. इमारती, सावल्या, वाहनावरील खुणा आणि कडेच्या पत्र्याची झीज एकमेकांशी जुळवून. टिपणारे परस्परांना बांधलेले नव्हते, यातच त्या पुराव्याचे बळ होते. या घटनेचा अधिकृत तपास करणारे अनेक देशांचे संयुक्त तपास पथकही २०१८ मध्ये त्याच ब्रिगेडपर्यंत पोहोचले.

उपग्रहाबाबतही हेच. नासाच्या ‘फर्म्स’ या आगी दाखवणाऱ्या उपग्रह-नकाशावरील ठिपका उष्णता दाखवतो, कारण सांगत नाही. व्हीआयआयआरएस या उपग्रहावरील उपकरणाने टिपलेला एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो आणि ऊसतोडणीनंतर चिक्कोडीकडे पाचट पेटवले तरी तो उमटू शकतो. तेव्हा सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची आधीची आणि नंतरची, निरभ्र दिवसांची चित्रे शेजारी ठेवून पाहा. त्यांचा तपशील १० मीटरचा असल्याने जळालेले शिवार दिसेल, फुटलेली खिडकी दिसणार नाही.

एआय वापरू नकोस, असे मी म्हणत नाही. युक्रेनियन आवाजाचे लेखन, कच्चे भाषांतर, शेकडो व्हिडिओंतून गावांची नावे वेचणे ही कामे त्याच्याकडे खुशाल दे. मात्र ‘हे ठिकाण कोणते’ याचे त्याने दिलेले उत्तर हा केवळ अंदाज समज. रस्त्याचे वळण आणि छपरांची रांग तुझ्या डोळ्यांनी नकाशावर पडताळ. ‘आर्मा ३’ या संगणकावरील युद्धखेळातील दृश्ये खरे युद्ध म्हणून अनेकदा फिरली आहेत, हेही ध्यानात असू दे.

सरावाला दूर जायला नको. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला असता बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. त्या दिवसांच्या कन्नड आणि मराठी बातम्या समोरासमोर ठेवून कोणती माहिती कोणी प्रत्यक्ष पाहिली आणि कोणी उचलली, ते वेगळे कर. दोन्ही भाषा वाचता येणे ही आपल्या सीमाभागाची कमाई आहे. बाजू आधी ठरवण्याची खोडही, खरे सांगायचे तर, इथलीच.

मूळ फाइल न बदलता जपून ठेव आणि टिपण पुन्हा लिही. ‘दुजोरा’ हा शब्द जिथे ठेवशील तिथे चित्रण कुणी आणि कुठून केले ते नोंदव; सापडले नाही तर ‘एकच स्रोत, अपुष्ट’ एवढेच लिहून पाठव.

तुझा,
काका