तिकीट बारा हजारांचं, भांडण मात्र गाण्यावरून

या वेळी पत्रं आणि मेल मिळून बहुतेक सगळा माल एकाच विषयावरचा निघाला, म्हणून सासू-सून आणि डोहाळजेवण पुढच्या अंकात. आज फक्त कॉन्सर्ट.

प्रश्न : मुलगा वीस वर्षांचा, इंजिनीअरिंगला. एका परदेशी बँडच्या शोचं तिकीट साडेबारा हजार. त्याने क्लासेस घेऊन सहा हजार साठवलेत, वरचे आम्ही घालावेत असं त्याचं म्हणणं. हे म्हणाले, एवढ्यात आपलं दोघांचं महाबळेश्वर होतं आणि ते गाणं तरी काय, कुत्रं मागे लागल्यासारखे ओरडतात नुसते. झालं, तेव्हापासून बापलेक बोलत नाहीत, जेवायला पण एक उठला की दुसरा बसतो. मी काय करू? (एक आई, ठाणे)

उत्तर : ताई, आधी ते कुत्र्याचं वाक्य मागे घ्यायला लावा, पैशाचं नंतर बघू. "एवढे परवडत नाहीत" असं म्हटलेलं मुलं ऐकतात हो, दोन दिवस तोंड पाडतात पण ऐकतात, कारण घरात काय चाललंय ते त्यांना दिसत असतं. पण परवडत नाही म्हणायला लाज वाटते म्हणून आपण गाण्यालाच नावं ठेवतो आणि मग भांडण बारा हजारांचं राहतच नाही, ते "मला जे आवडतं ते तुमच्या लेखी भिकार" इथे जाऊन पोचतं, आणि तिथून परत आणायला महाबळेश्वर पण पुरत नाही.

आता पैसे. तुमच्या मिस्टरांचा राग सगळाच चुकीचा नाहीये. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ह्या ब्रिटिश बँडचे तीन शो झाले ते आठवत असतील, १८, १९ आणि २१ तारखेला. तिकिटं अडीच हजारापासून होती, मैदानात उभं राहायचं ६,४५०, चांगल्या बाजूची बसायची जागा १२,५००, आणि लाउंज नावाचा जो प्रकार होता तो ३५ हजार! २२ सप्टेंबर २०२४ ला रविवारी दुपारी बुकिंग उघडायच्या आधीच बुकमायशो ही तिकिटांची साइट झोपली, नंतर त्यांनीच सांगितलं की १ कोटी ३० लाख लोक लॉगिन करून बसले होते. आणि तीन शो मिळून जागा किती, तर दीड लाखाच्या आसपास. म्हणजे अख्खं घर चार फोन आणि दोन लॅपटॉप मांडून बसलं तरी बहुतेकांच्या नशिबात तो रांगेचा आकडा बघणंच होतं.

भाव चढतो तो नुसत्या हावरटपणाने नाही (तोही आहेच, नाही असं नाही). आपल्या वेळी बँड टूर करायचे ते कॅसेट खपावी म्हणून, कमाई कॅसेटवर होती. आता गाणं ऐकायला पैसे पडतच नाहीत म्हटलं तरी चालेल, महिन्याला शे-दीडशे रुपयांत जगातलं सगळं संगीत फोनमध्ये, आणि एकदा ऐकल्याचे गाणाऱ्याला मिळतात ते काही पैसे, रुपया पण नाही. मग कमवायचं कुठे? तर स्टेजवर. प्रत्यक्ष तिथे असणं एवढीच गोष्ट कॉपी करता येत नाही ना, म्हणून सगळा भार तिकिटावर. त्यात आपल्याकडे असे शो करायला धड जागा मोजक्या, मुंबई-नवी मुंबईत नेरूळचं स्टेडियम, महालक्ष्मी रेसकोर्स, बीकेसीचं मैदान, की संपलं. वर १८ टक्के जीएसटी, वर बुकिंग फी जिला ते सोयीचा आकार म्हणतात, सोय कोणाची ते विचारू नका.

तेव्हा माझं म्हणणं असं की मुलाचे सहा हजार हेच बजेट धरा. त्याला सांगा, ह्यात बसेल ते तिकीट बघ, मागचं का असेना. स्वस्त तिकिटं असतात पण पोरं नकाशावर पुढची जागा बघूनच बसतात. कोल्डप्लेने तर नंतर दोन-दोन हजारांची पण तिकिटं काढली होती, जोडीनेच घ्यायची आणि जागा कुठली मिळेल ते आधी कळणार नाही अशी अट होती, पण होती. तुम्ही घालायचेच असतील तर येण्याजाण्याचे आणि खाण्याचे घाला, कारण आत पाण्याची बाटली नेऊ देत नाहीत आणि आतल्या पाण्याच्या किमतीवर मी एक वेगळं सदर लिहू शकेन. शो संपल्यावर हजारो लोक एकदम नेरूळ स्टेशनवर येतात, ट्रान्स हार्बरची शेवटची लोकल किती वाजता ते आधी बघून ठेवायला सांगा, आणि हे काम मिस्टरांवर सोपवा. बापांना टाइमटेबल बघायला फार आवडतं, त्या निमित्ताने बोलणं पण सुरू होईल.

प्रश्न : आम्ही सवाई गंधर्वला पहाटेपर्यंत बसलेली माणसं. भीमसेनजी ऐकले. आजच्या पिढीला संगीत कळत नाही, कळते फक्त गर्दी आणि सेल्फी. आमच्या वेळी कोणी गाण्यासाठी असे वेडे होऊन पैसे उधळत नव्हते. आपण स्पष्ट लिहावे. (एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : काका, स्पष्ट लिहा म्हणालात म्हणून लिहिते. उधळत होते. तुमच्या माझ्या आधीपासून उधळत होते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत ग्रँट रोडच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' हे संगीत नाटक झालं, एका बाजूला बालगंधर्वांची भामिनी, दुसऱ्या बाजूला केशवराव भोसल्यांचा धैर्यधर, दोन कट्टर स्पर्धक कंपन्या एका रंगमंचावर. टिळक स्वराज्य फंडासाठी होतं ते, तिकिटाचे दर त्या काळाच्या मानाने अवाच्या सवा, आणि तरी थिएटर तुडुंब. घराघरात त्या वेळी पण कोणीतरी "एवढे पैसे? गाण्याला?" म्हणालं असेलच की, आणि ऐकून आलेली माणसं पुढे जन्मभर तेच सांगत बसली.

आणि १ नोव्हेंबर १९९६ विसरलात का? अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन आला तेव्हा संगीत कळणारे किती होते आणि "मी पण होतो" म्हणायला गेलेले किती होते? त्या शोचा करमणूक कर माफ केला म्हणून मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली आणि ती फाइल फिरत फिरत २०२१ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळासमोर आली, पुन्हा माफी. पोरांचं वेड एका रात्रीत उतरतं हो, सरकारी कागदाला पंचवीस वर्षं लागली.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य. सवाईला भारतीय बैठकीचं तिकीट अजून काही शे रुपयांत मिळतं आणि त्या पैशात जे ऐकायला मिळतं त्याला तोड नाही. पण तिथे दोन तानपुरे, तबला, पेटी आणि चांगला माइक एवढ्यावर भागतं, प्रायोजकही असतात. ह्या लोकांचं स्टेज, दिवे, स्क्रीन, हातात घालायचे चमकणारे पट्टे हे सगळं जगभर वाहून न्यायचं असतं. त्याची काही गरज आहे का, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता, मला पण पडतो. २०१७ ला जस्टिन बीबर नेरूळला आला तेव्हा हजारो रुपये मोजून गेलेल्यांनी, तो रेकॉर्डवर नुसते ओठ हलवतोय, म्हणून बोंब मारली होती, आणि ती बोंब मारणारी तीच "काही न कळणारी" पिढी होती. येत्या डिसेंबरात एका नातवाला बैठकीवर घेऊन जा. घोंगडी तुमची, वडापाव तुमचा, आणि तीन तास त्याच्या मोबाइलबद्दल एक शब्द नाही. जमेल?

प्रश्न : सोल्ड आउट शोचं तिकीट रीसेलला मिळतंय, मूळ किमतीच्या चौपट. इन्स्टावरचा एक जण तर म्हणतो अर्धे आधी जीपे कर, पीडीएफ पाठवतो. घेऊ का? (नाशिक)

उत्तर : नको. आणि त्या इन्स्टावाल्याला तर आत्ताच ब्लॉक कर. एकच पीडीएफ दहा जणांना विकता येतो, गेटवर पहिला स्कॅन झाला की उरलेले नऊ बाहेर, आणि तक्रार कोणाची करणार, डीपीला वाघाचा फोटो लावलेल्या अकाउंटची? कोल्डप्लेच्या वेळी पण तिकिटं रीसेलला लाखात गेली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी केली, जनहित याचिका झाली, आणि जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने ती फेटाळली, म्हणाले कायदा करणं हे विधिमंडळाचं काम. तेव्हा तुझ्या मागे उभं राहायला फारसं कोणी नाहीये. त्यापेक्षा थांब, मागणी एवढी असली की कधीकधी शो वाढवतात, कोल्डप्लेच्याच मुंबईच्या शोचे आधी दोनाचे तीन झाले आणि मग अहमदाबाद आलं. अहमदाबादचा २६ जानेवारीचा शो तर हॉटस्टारवर लाइव्ह होता, मी घरी पाय वर करून बघितला.

प्रश्न : मी एक्कावन्न वर्षांची, बँकेत आहे. कॉलेजात असल्यापासून हार्ड रॉक ऐकते, कॅसेट अजून आहेत. पुढचा एखादा मोठा रॉक शो बघायचाच आहे पण मुलगी म्हणते, आई प्लीज, लोक हसतील. (कल्याण)

उत्तर : मुलीला सांगा, गन्स अँड रोझेस १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, त्यांचा गायक १९६२ सालचा आहे. स्टेजवरचा माणूस साठीच्या पुढे चालतो आणि समोर उभी राहणारी आई एक्कावन्नची चालत नाही, हा कुठला हिशोब? जा तुम्ही. फक्त शक्यतो बसायची जागा घ्या, तीन-चार तास उभं राहून गुडघे दुसऱ्या दिवशी काउंटरवर बोलतात, आणि स्पीकरच्या जवळ जाऊ नका, कानात घालायचे प्लग मेडिकलमध्ये मिळतात. काळा टीशर्ट कॉलेजातला होत नसेल तर दादर स्टेशनबाहेर बघा. मुलीला नेऊ नका पहिल्या वेळी. तिकीट मात्र तिलाच काढायला लावा, दुपारी बाराला बुकिंग उघडतं आणि तुम्ही तेव्हा काउंटरवर असणार.