गर्भाच्या मेंदूतील ११ मिलिमीटर

प्रश्न : माझी सून पहिलटकरीण असून तिला एकविसावा आठवडा चालू आहे. सांगलीत केलेल्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूतील एक पोकळी ११ मिलिमीटर रुंद असल्याचे आढळले. घरात सगळे ‘डोक्यात पाणी झाले’ असे म्हणतात. ग्रहणाच्या दिवशी तिने विळीवर भाजी चिरली आणि मी तिला अडवले नाही, हे मनाला लागून राहिले आहे. बाळ मतिमंद होईल का? पुढे काय करावे?
— एक सासूबाई, तासगाव

उत्तर : ग्रहणाचा विषय आधी मिटवू. ग्रहणाचा किंवा विळीचा गर्भाच्या मेंदूशी काहीही संबंध नाही. त्यामुळे आपण स्वतःला किंवा सुनेला दोष देऊ नये.

‘डोक्यात पाणी’ हा शब्दप्रयोग मला मुळीच पसंत नाही, कारण मेंदूतील पोकळ्यांमध्ये, म्हणजे व्हेंट्रिकलमध्ये, पाण्यासारखा द्रव आपल्या सर्वांच्याच डोक्यात असतो. तो सतत तयार होतो, पुढे वाहतो आणि मेंदूबाहेर येऊन रक्तात शोषला जातो. गर्भात या पोकळीची रुंदी १० मिलिमीटरपेक्षा कमी असणे अपेक्षित आहे. १० ते १२ पर्यंतची वाढ सौम्य आणि १५ च्या पुढची गंभीर समजतात. तेव्हा ११ हा आकडा म्हणजे आजार नव्हे, तर आणखी शोध घ्यावा असे सांगणारी खूण आहे.

हा शोध मात्र नेटाने घ्यावा लागतो. द्रवाच्या वाटेत अडथळा आहे का, मेंदूच्या दोन्ही भागांना जोडणारा पट्टा नीट तयार झाला आहे का, आणि पाठीचा कणा कोठे उघडा राहिलेला नाही ना, हे गर्भतज्ज्ञांकडील सविस्तर सोनोग्राफीत पाहतात. सायटोमेगॅलोव्हायरस व टॉक्सोप्लाझ्मा या संसर्गांसाठी सुनेच्या रक्ताची तपासणी होते, आणि गुणसूत्रांतील दोष शोधण्यासाठी गर्भजलाची तपासणी सुचवली जाते. यात दिरंगाई नको, कारण गंभीर दोष निघाल्यास २४ आठवड्यांनंतर गर्भपाताची परवानगी कायद्यानुसार वैद्यकीय मंडळाच्या मतावर अवलंबून राहते. एमआरआयची वेळ वेगळी असते. साधारण चोविसाव्या आठवड्यापर्यंत गर्भाच्या मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत असतो आणि घड्या त्यानंतर झपाट्याने पडतात. म्हणून काही दोष तिसाव्या आठवड्याच्या आसपासच स्पष्ट दिसतात. या तपासणीत क्ष-किरण वापरत नाहीत.

सर्व तपासण्यांत दुसरे काहीच आढळले नाही आणि रुंदी १२ च्या आत राहिली, तर अशा मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक मुलांची वाढ इतरांसारखीच होते. पूर्ण खात्री कोणीही देऊ शकणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

या काळातील मेंदूचे बारकावे आता आपल्या देशातही अभ्यासले जात आहेत. मद्रास आयआयटीने २०२४ मध्ये दुसऱ्या तिमाहीतील गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. त्यासाठी मेंदूच्या ५,१३२ छेदांच्या प्रतिमा वापरल्या आहेत.

वर कण्याचा उल्लेख केला, त्यासंबंधी घरातील इतर सुना-लेकींसाठी थोडेसे. मेंदू व मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे दिवस गेल्याचे पुष्कळदा कळतही नसते तेव्हा. म्हणून फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची मात्रा गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून घ्यावी लागते. तिसऱ्या महिन्यात ती सुरू केल्यास या दोषापुरता तिचा उपयोग उरत नाही.

सुनेची पुढची सोनोग्राफी तीन-चार आठवड्यांनी होईल. तिला जाताना पहिला अहवाल चित्रांसह बरोबर न्यावा, म्हणजे डॉक्टरांना दोन्ही मोजमापे शेजारी ठेवून पाहता येतील.