मॅडम, मला तीन वर्षं झेपेल ना?

नीट पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, रिझल्ट लागला की माझ्याकडे फिरून फिरून हाच प्रश्न येतो, ब्रँच मिळतेय पण कॉलेज कुठलं घेऊ आणि तीन वर्षांची रेसिडेन्सी झेपेल का. परभणीकडची एक मुलगी आईला घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). तिला गायनॅकच (स्त्रीरोग-प्रसूती) करायचं होतं, घरचे म्हणत होते डर्मा (त्वचारोग) घे, रेडिओ (एक्स-रे, सोनोग्राफी) घे, लाइफस्टाइल बघ. मी स्पष्ट सांगितलं की गायनॅकचे रात्रीचे कॉल पुढे प्रॅक्टिसमध्येही संपत नाहीत, मग विचारलं इंटर्नशिपला लेबर रूममध्ये रात्र काढल्यावर कसं वाटायचं? म्हणाली, दमायचे, पण परत जावंसं वाटायचं. ब्रँचचा प्रश्न माझ्यापुरता तिथेच मिटला.

मग तिने लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट. केईएम, सायन, नायर, ससून, मराठवाड्यातली जीएमसी (सरकारी मेडिकल कॉलेजं), दोन-तीन डीएनबीवाली हॉस्पिटलं (डीएनबी म्हणजे एमडी-एमएसच्या तोडीची पदवी), आणि पुढे स्टायपेंड, बेड्स, हॉस्टेल, अगदी वायफायसुद्धा. म्हटलं, यातल्या किती ठिकाणच्या जेआर-वनशी, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटशी, बोललीस? एकाही नाही. सगळी माहिती पास आउट सीनियर्सकडून, आणि तीन वर्षं उरकलेली मंडळी "एवढं काही नसतं गं" असंच म्हणतात, खोटं नाही बोलत ती, पण पहिले सहा महिने विसरलेली असतात.

रेसिडेंटच्या ड्युटीचे नियम बघून तर काहीच कळत नाही. 1992 च्या केंद्राच्या सूचनांत सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तास आहेत, 2023 च्या एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) नियमांत आठवड्याची सुट्टी आणि वर्षाला 20 दिवस पगारी रजा आहे, पण सुट्टीला कामाच्या गरजेची अट जोडलेलीच आहे, त्यामुळे कागदावर सगळी कॉलेजं सारखीच दिसतात. म्हणून तिला सांगितलं, आत्ताच्या जेआर-वनना फोन कर, आणि कॉलेज कसंय असं विचारूच नको. इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी रूमवर कितीला पोचलीस, मागच्या महिन्यात सुट्ट्या किती मिळाल्या, ताप आला तेव्हा तुझी ड्युटी कोणी केली, कोणी सीट सोडून गेलं का, हे विचार.

"पण मॅडम, युनिट, म्हणजे डिपार्टमेंटमधली कुठली टीम, ते तर नंतर मिळतं." बरोबर, म्हणून सगळ्यात जड युनिटमधलीलाच विचार आणि तेच आपल्याला मिळणार असं धरून चाल.

आई इतका वेळ गप्प होत्या, निघताना म्हणाल्या, "रात्री जेवायला मिळतं का, तेवढं विचार गं."

आठ दिवसांनी पोरगी परत आली ती आईच्या प्रश्नाचं उत्तर घेऊनच. एका मोठ्या नावाच्या ठिकाणी हाउसमन, म्हणजे तिथली जेआर-वन, म्हणाली, मेस बंद झाली की बिस्किटं. दुसरीकडे, शीटमध्ये बऱ्याच खाली असलेल्या कॉलेजात, मेस तितक्याच वाजता बंद होते, पण जेआर-टू, म्हणजे दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट, तिच्यासाठी ताट काढून ठेवते. पेशंटलोड दोन्हीकडे भरपूर, सिझेरियनही दोन्हीकडे हाताने करायला मिळत होतं. चॉइस फिलिंगमध्ये (कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना) तिने खालचं कॉलेज वर घेतलं. काका आठवडाभर बोलले नाहीत.

पहिलं वर्ष सोपं गेलं नाही, दोनदा रडत फोन आला होता. आता ती स्वतः जेआर-टू आहे. परवा रात्री अकराला मेसेज आला, "मॅडम नंतर बोलते, हाउसमन अजून लेबर रूममध्ये आहे, तिचं ताट आणायचंय."