यादी राहू द्या, आधी आजोबांच्या घड्याळाची तबकडी वाचवा

घ्यायच्या घड्याळांची तुमची स्वप्नातली यादी वाचली: पाटेक फिलिपची स्टीलची नॉटिलस ५७११, पॉल न्यूमन डायलची (म्हणजे त्या नटाच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या तबकडीची) रोलेक्स डेटोना, ३२१ मशीनची ओमेगा स्पीडमास्टर... यादी झकास आहे, स्वप्नांवर जीएसटी लागत नाही. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या दोन ओळींमुळं. आजोबांचं १९५० च्या दशकातलं स्विस घड्याळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन 'नव्यासारखं' करून घ्यायचं आणि ते विकून यादीसाठी भांडवल उभं करायचं, असं म्हणताय. अजून दिलं नसेल तर देऊ नका.

माझ्याकडं त्याच काळातलं एक होतं, सांगलीतल्या एका जुन्या हळदीच्या पेढीवाल्यांच्या घरातून आलेलं. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. क्रीम रंगाची तबकडी कडेनं तपकिरी झालेली, काट्यांतलं रेडियम करडं पडलेलं. मागं पडायला लागलं म्हणून मोठ्या शहरातल्या अधिकृत सेंटरला दिलं. फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, फक्त मशीन साफ करा, तबकडी, काटे आणि केसला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) हात लावू नका. काउंटरवरच्या माणसानं मान डोलावली, शिक्का मारला. परत आलं ते चकचकीत! तबकडी नवी, काटे नवे, आणि पट्टा अडकवायच्या लगांच्या धारदार कडा पॉलिश करून करून वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल. जुने भाग मागितले तर म्हणे, पॉलिसीप्रमाणं जमा करून घेतले. किती मेल केले, उत्तर एकच, तक्रार संबंधित विभागाकडं पाठवली आहे. तो विभाग कुठं बसतो ते आजतागायत कळलं नाही. वर बिलात 'डायल बदलणे' हा चार्ज वेगळा, म्हणजे माझीच तबकडी नेल्याचे पैसे मीच भरायचे. पुढं मुंबईच्या एका जाणत्या गिऱ्हाइकानं नुसत्या लगा बघितल्या आणि मागचं झाकणसुद्धा न उघडता घड्याळ परत माझ्या हातात ठेवलं.

सर्व्हिस सेंटरचीही एक बाजू आहे. घड्याळ वेळेवर चालवणं हे त्यांचं काम, जुनेपणाची किंमत त्यांच्या हिशेबात नाही. रेडियम किरणोत्सारी असतं, म्हणून बदलायचं कारण कधीकधी खरंही असतं. पण विचारा की आधी! फोन नंबर फॉर्मवर होता.

त्यामुळं माझं ठाम मत (मी घड्याळजी नाही, डीलरही नाही, पटलं तर घ्या): यादीत नुसती नावं लिहू नका, प्रत्येकापुढं अटी लिहा. तबकडी मूळची हवी, केस पॉलिश न केलेली हवी, मशीन त्याच काळातलं हवं. स्पीडमास्टरमध्ये ३२१ मशीनच्या जागी १९६८ पासून ८६१ आलं, त्यामुळं केस एका काळातली आणि मशीन दुसऱ्या काळातलं असं जोडकाम नेमकं तिथं सापडतं. १९५७ सालची म्हणून एक स्पीडमास्टर २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ३१ लाख फ्रँकच्या वर गेली. २०२३ मध्ये निघालं की ती सुटे भाग जुळवून केलेली होती. घेणारी खुद्द ओमेगा कंपनी, आणि कटात आपलेच माजी कर्मचारी होते असं कंपनीनंच सांगितलं. तिथं ही गत, तर आपण मोबाईलवरचे फोटो बघून काय ओळखणार?

आणि तुम्हाला ५७११ साठी 'नाव लावून ठेवतो' म्हणणाऱ्या डीलरला एक पैसा ॲडव्हान्स देऊ नका. पाटेकनं ती २०२१ मध्येच बंद केली. आता मिळेल ती कुणाची तरी वापरलेली, नाहीतर घेऊन ठेवलेली.

मला विचाराल तर यादीत फावर-ल्युबा या स्विस कंपनीची बिव्हॉक घाला. १९६२ ची, हातातल्या घड्याळात हवेचा दाब मोजणारी. या कंपनीची घड्याळं आपल्याकडच्या कितीतरी घरांत होती, पॉल न्यूमनपेक्षा ती ओळख जवळची. फक्त 'मुंबई स्पेशल'पासून जपा: भडक रंगवलेली तबकडी, आत कुठलंही मशीन. बदललेली तबकडी ओळखायची साधी खूण म्हणजे ६ च्या खाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' असेल तर ते ट्रिटियम, म्हणजे रेडियमच्या जागी नंतर आलेलं चमकणारं द्रव्य. १९५० च्या घड्याळावर ते दिसलं की तबकडी नंतरची समजा.

पैशाचं थोडक्यात: रोखीनं २ लाख किंवा त्यावर व्यवहार नको, आणि १० लाखांवरच्या घड्याळावर एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस (विकणारा गिऱ्हाइकाकडून गोळा करतो तो कर) आहे. बाकी सीएला विचारा, माझ्या भरवशावर राहू नका.

आजोबांचं घड्याळ चालू करायचंच असेल तर आपल्या सांगली-मिरजेत जुना हात असलेला घड्याळजी गाठा, समोर बसून उघडून घ्या, आधी तबकडीचे आणि लगांचे फोटो काढा. एवढं मात्र सांगा, २००५ किंवा २०१९ च्या पुरात ते घरातच होतं का? पाणी शिरलं असेल तर चावीच्या दांड्याला गंज धरलेला असतो. मग विक्रीचं नंतर बघा, आधी याच आठवड्यात उघडून घ्या.