गाडीचं नाक वर का? ट्रेलर ओढणाऱ्यांचे प्रश्न

यावेळी वेट डिस्ट्रिब्यूशन हिचबद्दल, म्हणजे ट्रेलरचं गाडीवर पडणारं वजन सगळ्या चाकांवर वाटणाऱ्या जोडाबद्दल, बरीच पत्रं आलीत. बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून एकच निघाला, त्यामुळे त्यातली चारच घेतोय.

प्रश्न : माझी एसयूव्ही आहे आणि सामान भरल्यावर साधारण २००० किलोचा कॅरॅव्हॅन ट्रेलर. जोडला की गाडीची शेपटी बसते, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. म्हणून वेट डिस्ट्रिब्यूशन हिच बसवली. आता शेपटी वर आली, दिसायला छान दिसतं, पण स्टिअरिंग अजून तरंगल्यासारखंच आहे. ओळखीतला एकजण म्हणतो हिचच्या बारची चेन अजून एक कडी वर घे. किती ओढायची असते नक्की?

तुम्ही शेपटीकडे बघताय, बघायचंय नाकाकडे. बहुतेक सगळे हेच करतात, मीही पहिली दोन वर्षं हेच केलं.

बाकड्यावर पायाच्या बाहेर अगदी टोकाला बसलं की दुसरं टोक उचलतं ना, तेच इथे होतं. बॉल, म्हणजे ट्रेलर ज्यावर अडकतो तो गाडीमागचा गोळा, मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, तिथे वजन पडलं की मागची चाकं दबतात आणि शिवाय पुढची चाकं हलकी होतात. आकड्यात सांगतो. समजा बॉलवर २५० किलो आलं, बॉल मागच्या एक्सलपासून १२० सेंमी मागे आणि गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, ३०० सेंमी. तर पुढच्या चाकांवरून १०० किलो गेलं आणि मागच्यांवर २५० नाही, ३५० किलो आलं. स्टिअरिंग हलकं का लागतं ते एवढ्यात कळलं असेल, आणि ब्रेक मारताना पुढची चाकं जास्त काम करतात म्हणजे तिथेही मार बसतोच.

हिचचे ते दोन स्प्रिंग बार म्हणजे तरफा. मागची टोकं चेनने वर ओढली की बार वाकतात आणि गाडी-ट्रेलरचा सांधा जो खाली खचायला बघतो त्याला ताठ करतात. वरच्याच उदाहरणात पुढे ५० किलो परत आणलं आणि ट्रेलरचा एक्सल बॉलपासून ५ मीटरवर असेल तर साधारण २५ किलो ट्रेलरच्या चाकांवर जातं आणि मागच्या एक्सलवरचे ७५ कमी होतात. वजन कुठेही गायब होत नाही हं, फक्त वाटलं जातं. त्यामुळे गाडीची ओढायची क्षमता वाढली असं समजून अजून सामान भरू नका.

आता किती ओढायची. सपाट जागा बघा, मोजायची फीत घ्या. ट्रेलर न जोडता पुढच्या चाकाच्या मधोमध, जमिनीपासून मडगार्डच्या कमानीपर्यंतची उंची लिहून घ्या, समजा ८५ सेंमी. मग ट्रेलर जोडा पण बार लावू नका, परत मोजा, समजा ८८ झाली. म्हणजे नाक ३ सेंमी वर गेलं. बार लावून हे किती खाली आणायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, काही कंपन्या अर्धं म्हणतात, काही पूर्ण, आणि काही तर आमच्या गाडीला ही हिच लावूच नका म्हणतात, तेव्हा आधी ते पान उघडा. एक मात्र नक्की, नाक मूळ ८५ च्या खाली जाता कामा नये. तेवढं ओढलं की मागची चाकं हलकी होतात आणि वळणावर गाडीचा मागचा भाग सुटायची भीती, हे हलक्या स्टिअरिंगपेक्षाही वाईट.

आणि मित्राला सांगा, कडी वर घेणं हा एकच उपाय नाही. ताण दिल्यावर बार आणि ट्रेलरवरचं चेन अडकवायचं ब्रॅकेट यांच्यामध्ये निदान ५ कड्या राहायला हव्यात असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये असतं, नाहीतर वळताना चेनला हालायला जागाच उरत नाही. कड्या तिथवर आल्या आणि तरी नाक खाली येत नसेल तर हिचचं डोकं, म्हणजे बॉल आणि बार बसतात तो भाग, वायसर टाकून अजून एक टप्पा मागे कलवायचं. शेवटी ट्रेलरला लेव्हल लावून बघा, तो सपाट किंवा नाक किंचित खाली असा हवा.

प्रश्न : चेन अडकवताना जीव जातो. परवा चेन वर ओढायचा पाइप हातातून निसटला आणि थोडक्यात वाचलो. सगळ्यांनाच एवढा जोर लागतो का?

नाही, आणि लावूही नका! त्या वाकलेल्या बारमध्ये एवढा जोर साठलेला असतो की पाइप उलटा आला तर दात किंवा हात जाईल. कपलर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाची वाटी, बॉलवर बसवा, लॅच लावा, पिन घाला आणि मग ट्रेलरच्याच जॅकने नाक वर उचला, म्हणजे कपलरबरोबर गाडीची मागची बाजूही उचलली जाते. चांगली उचला, लाजू नका. आता बार जवळजवळ सैल असतात, चेन हाताने किंवा पाइपच्या हलक्या ढकलण्याने बसते, ब्रॅकेटची सेफ्टी पिन लावली की जॅक खाली घ्यायचा आणि ताण आपोआप येतो. काढताना परत आधी जॅक वर, मगच बार. घाईत लोक जोडताना जॅक वापरतात आणि काढताना विसरतात, मार तेव्हाच बसतो. पाइपच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं.

प्रश्न : आमचा ट्रेलर ८० च्या वर गेलं की शेपूट हलवल्यासारखा डुलतो. ही हिच घेतली की थांबेल ना?

थांबेल असं मी सांगणार नाही. डुलणारा ट्रेलर म्हटलं की आधी सामान कुठे ठेवलंय ते विचारतो. टंग वेट, म्हणजे ट्रेलरचं नाक बॉलवर जेवढं टाकतं ते, ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के हवं. २००० किलोच्या ट्रेलरला २०० ते ३००. मागे पाण्याची टाकी भरली, सायकली टांगल्या की हे बघता बघता १०० वर येतं आणि मग डुलणं ठरलेलंच. अशा ट्रेलरला बार लावले तर आधीच हलकं असलेलं नाक अजून हलकं होतं! काही हिचमध्ये डुलणं दाबायला घर्षणाची सोय असते, ती उपयोगी आहे, पण सामान चुकीचं असेल तर ती फक्त रोग झाकते.

टंग वेट मोजायला वजनकाट्यावर जायलाच हवं असं नाही. घरातला वजनाचा काटा आणि त्याच उंचीची वीट घ्या, दोन्हीवर एकेक पाइपचा तुकडा, त्यावर भक्कम फळी. दोन पाइपांमधलं अंतर ३ फूट ठेवा, चाकांना अडण लावा आणि ट्रेलरचा जॅक विटेच्या बाजूच्या पाइपपासून १ फुटावर टेकवा. काटा दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे जॅकवरचं वजन. जॅक कपलरच्या जवळ असेल तर हाच आकडा टंग वेट म्हणून चालतो. फळी आणि काटा एवढं वजन पेलतील ना ते आधी बघून घ्या, या नादात घरातला एक काटा मी मोडलेला आहे.

हाच आकडा बार घेतानाही लागतो. बारची क्षमता टंग वेट अधिक गाडीत मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं सामान यांच्या बेरजेला पुरायला हवी. मात्र उगाच खूप जाड बारही नको, ते वाकतच नाहीत आणि ट्रेलरला हादरे बसतात.

आणि रस्त्यात डुलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडीचा ब्रेक दाबू नका. ट्रेलर ब्रेकचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा.

प्रश्न : वळताना हिच कर्र्र करते, सगळीकडे ग्रीस फासलं तर चालेल का? आणि देखभाल अशी काय करायची असते?

सगळीकडे नको! बॉलवर पातळ थर, बारची टोकं हिचच्या डोक्यात जिथे फिरतात तिथे आणि ग्रीस भरायचं निपल असेल तर ग्रीस गनने, एवढंच. घर्षणाने डुलणं थांबवणारी पट्टी किंवा पॅड असेल तर त्याला ग्रीस अजिबात नाही, त्याचं कामच घासायचं आहे आणि तो आवाज बऱ्यापैकी त्याचाच असतो. धूळ बसली की ग्रीसचा पॉलिश पेपर होतो, म्हणून जुनं पुसून मगच नवं लावा.

बॉलवर हात फिरवा, सपाट झालेला भाग किंवा खड्डे लागले तर बदलून टाका, त्यात कंजूषपणा नको. सगळे बोल्ट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने तपासा, कारण नवीन रंग दबून नट सैल पडतात. सव्वा इंची दांड्याच्या बॉलचा नट तर साधारण ६१० न्यूटन मीटरला आवळायचा असतो, घरातल्या पान्याने ते होत नाही, गॅरेजमध्ये करून घ्या. वेल्डिंगजवळ रंगाला बारीक रेघ दिसली तर ती खरवडून बघा, खाली तडा असू शकतो. बार सरळ पृष्ठभागावर ठेवून दोन्ही सारखेच आहेत ना तेही बघा, एक कायमचा वाकला असेल तर जोडीच बदलायची.

वेगळा लावलेला घर्षणाचा दांडा असेल तर रिव्हर्स घेण्याआधी काढा, लोक हमखास विसरतात आणि तो वाकतो. निसरड्या रस्त्यावरही तो सैल करायचा, ट्रेलर आपोआप सरळ व्हायला मोकळा हवा. पॅडला चुकून ग्रीस लागलंच असेल तर पुसत बसू नका, नवीन घ्या.